पंकजम पाट्टीच्या गल्लीतून गिंडीपर्यंत

मेडवाक्कम, चेन्नई
मार्गळी महिना, तिसरा आठवडा

आदरणीय शण्मुगवेल मामांना तेन्मोळीचा वाकून नमस्कार. मामींनाही तो पोचवावा.

तुमचा गुडघा कसा आहे? (अम्मा म्हणते दुखतो तो डावा, अप्पा म्हणतात उजवा. यावरून परवाच्या जेवणात दोघांचं जे झालं ते झालं, म्हणून मी दोन्ही गुडघ्यांची एकदमच चौकशी करते.) कोविलपट्टीत थंडी पडली का? तुमच्या दुकानाचा नवा पत्रा गळायचा थांबला का? दिवाळीला पाठवलेली शेंगदाण्याची चिक्की मिळाली. अम्माने ती डब्यात घालून फळीवर ठेवली, अप्पांनी डबा फळीवरून काढून रिक्षात ठेवला, आणि आता डबा तेवढा आहे. इथे आम्ही सगळे खुशाल आहोत. हे सगळं फोनवर का सांगितलं नाही, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही "सगळे बरे ना, मग ठेवतो" एवढं बोलून खरोखरच ठेवता, आणि मला जे सांगायचं आहे ते तेवढ्यात बसत नाही. शिवाय मी सांगितलेलं अप्पा त्यांच्या बाजूने परत सांगतील, त्याआधी माझी बाजू कागदावर यावी अशी माझी इच्छा आहे.

अम्माच्या कारखान्याचं तुमच्या कानावर आलं असेलच. दवाखान्यातले गाऊन शिवतात, त्या गाऊनना मागचे बंद लावायचं काम अम्माकडे आहे. ते मशीन कारखान्याचं असलं तरी अम्मा "माझं मशीन" म्हणते, आयुधपूजेला त्याच्या चाकाला हळदकुंकू लावते, आणि स्टुलावर घरून नेलेली उशी ठेवते. दिवाळीनंतर तिथे नवा नियम झाला. सायरन थांबला की फाटक बंद. जी बाहेर राहिली तिने घरी जायचं. आणि ज्या वारंवार बाहेर राहतात त्यांची मशीनं पोंगलच्या सणानंतर दुसऱ्या बायकांना द्यायची. अम्मा आठवड्यातून निदान एकदा तरी बाहेर राहते. तेव्हापासून तुमचा गुडघा सोडला तर ती घरी कशावरूनही भांडत नाही, यावरून तिला किती लागलंय ते तुम्ही ओळखाल.

उशीर का होतो, तर अप्पांमुळे. हे मी मुलगी म्हणून दुःखाने आणि भूगोलाची पदवीधर म्हणून ठामपणे सांगते. अप्पांची शेअर रिक्षा भरल्याशिवाय मेडवाक्कमच्या नाक्यावरून हलत नाही. अम्मा सगळ्यांच्या आधी येऊन मागच्या बाकावर खिडकीशी बसते आणि स्वतःच्या नवऱ्याच्या रिक्षात बसून स्वतःला उशीर होताना बघत राहते. मी अप्पांना एकदा विचारलं की एक दिवस रिकाम्या रिक्षाने निघालात तर काय होईल. ते म्हणाले, "कलेक्टर, बायको बसली म्हणून रिक्षा भरली असं होत नाही. बायको तर भाडंही देत नाही." (मी पास झाल्यापासून अप्पा मला कलेक्टरच म्हणतात. घरातली पहिली पदवीधर असल्याचा माझा सरकारी दाखला त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून रिक्षात मुरुगनच्या फोटोशेजारी लावला आहे. प्रवासी मुरुगनच्या पाया पडताना माझ्याही पडतात असं अप्पांचं म्हणणं आहे.) बसचं म्हणाल तर आमच्या थांब्यावर ती येईपर्यंत दारात लोक लटकलेले असतात, आणि ड्रायव्हर आम्हाला फक्त बघून पुढे जातो.

तेव्हा राहिली सायकल. माझ्याकडे अकरावीत शाळेतून मिळालेली सरकारी सायकल आहे, अजून धडधाकट. चेन्नई सपाट आहे. इथे चढ शोधायचा तर पुलावर जावं लागतं. मेडवाक्कमहून गिंडी काही परदेशात नाही. अम्माच्या खात्यातल्या रोजलीन अक्काने तर लग्नात आलेली सायकल माळ्यावरून उतरवून टायरसुद्धा बदलून घेतले. आणखी चारजणी तयार झाल्या. सगळ्यांचं म्हणणं एकच, की हमरस्त्यावर ट्रक आणि पाण्याचे टँकर अंगावर येतात, तेव्हा आतून आतून जाणारा रस्ता मिळाला तर येऊ. आता मामा, तीन वर्षं नकाशे वाचल्यावर "आतून रस्ता शोध" असं कुणी म्हणालं तर मला झोप कशी येणार? मी म्हटलं, हे काम माझ्यावर सोडा.

अम्मा मात्र म्हणाली, "मी चालवणार नाही." मी कारण विचारलं तर ती भांडी घासायला लागली. मी म्हटलं, मग तू मागे कॅरिअरवर बस. त्यावर ती काही बोलली नाही, म्हणजे कबूल झाली.

पहिला मार्ग मी फोनवरच्या नकाशावरून काढला. तो मला दलदलीच्या कडेने घेऊन गेला. निळं पाणी, वर पांढरे बगळे, रस्ता मोकळा, मी मनात म्हटलं हाच. थोड्या अंतरावर एक म्हैस रस्त्यात बसलेली होती. तिच्यापुढे तिचे नातेवाईक होते. नकाशात म्हशी दाखवत नाहीत ही त्याची मोठी उणीव आहे. मी घंटी वाजवली तेव्हा एका म्हशीने मान वळवून माझ्याकडे जे पाहिलं, त्यात राग नव्हता, नुसती "काय गं?" अशी चौकशी होती. मी परत फिरले.

दुसरा मार्ग वसाहतींतून. इथल्या प्रत्येक नगरात पहिला मेन रोड आहे, दुसरी आडवी गल्ली आहे आणि एक पिळ्ळैयार गणपतीचं देऊळ आहे, त्यामुळे मी एकाच दुपारी चार निरनिराळ्या दुसऱ्या आडव्या गल्ल्यांत एकच गल्ली समजून फिरले. लोकांना विचारावं तर चेन्नईचा माणूस "मला माहीत नाही" असं कधीच म्हणत नाही, तो म्हणतो "सरळ जा." सरळ गेल्यावर भिंत आली. भिंतीपाशी इस्त्रीवाला होता, त्याला विचारलं की पलीकडे गिंडीकडे कसं जायचं, तर तो भिंतीकडे बोट करून म्हणाला, "सरळ." मी म्हटलं, "अण्णा, भिंत आहे." तो म्हणाला, "भिंत सरळच आहे की." (या भिंती दोन नगरांमध्ये घातलेल्या असतात. अलीकडची माणसं पलीकडच्यांना चोर समजतात, पलीकडची अलीकडच्यांना. मी दोन्ही बाजूंना पाहून आले, दोन्हीकडे सारखीच माणसं असून सारखेच नळ गळतात.) पण या भिंतीला देवळामागे एक भगदाड निघालं, सायकल आडवी केली की जाते. भगदाडातून बाहेर पडले आणि मामा, मला तो रस्ता मिळाला.

नंगनल्लूरच्या अलीकडची ती गल्ली. दोन्हीकडे जुनी बसकी घरं, कडुनिंबाची सावली, ना बस, ना टँकर, ना कुत्री. एका टोकाला पिळ्ळैयार, दुसऱ्या टोकाला पुढच्या तशाच गल्लीचं तोंड, आणि अशा गल्ल्यांची रांग थेट रेल्वेखालच्या बोगद्यापर्यंत. तिथून गिंडी समोर. मी रविवारी दुपारी गेले, बुधवारी संध्याकाळी गेले, पुन्हा रविवारी गेले. प्रत्येक वेळी गल्ली झोपलेली. घरी येऊन मी जाहीर केलं की चेन्नईच्या दक्षिण उपनगरांतला सर्वांत चांगला सायकलमार्ग सापडला आहे.

मग दिवस ठरवायचा होता. नव्या डिझाइनचे गाऊन सुरू होणार म्हणून कारखान्यात मंगळवारी काम कमी होतं, तेव्हा तो मंगळवार मी धरला. अम्मा म्हणाली, "कॅलेंडर बघून ठरव." आपल्याकडचं रोज पान फाडायचं ते कॅलेंडर, ज्यावर राहुकाळ, यमगंड, पाल कुठे चुकचुकली तर काय होतं, असं सगळं असतं. मी तिला शांतपणे समजावलं (माझ्या मते शांतपणे, तिच्या मते भाषण ठोकून) की रस्ता ही भूगोलातली गोष्ट आहे, त्याला राहू-केतूचं देणंघेणं नसतं, आणि मार्गळीत शुभकार्य सुरू करत नाहीत वगैरे मी मानत नाही. अम्मा म्हणाली, "मी शुभाचं म्हणत नाहीये." मी म्हटलं, "अम्मा, मी ते पान बघणारच नाही." ती म्हणाली, "बरं." मामा, अम्मा "बरं" म्हणाली की थांबून विचार करायला हवा हे तुम्हाला लहानपणापासून माहीत असणार. मला त्या मंगळवारी कळलं.

मंगळवारी पहाटे निघताना आमच्या दारात अम्माने पिठाच्या रांगोळीचा नेहमीच्या चौपट मोठा कोलम काढलेला होता, मधे शेणाचा गोळा आणि त्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचलेलं. मी सायकल उचलून त्यावरून जपून पलीकडे नेली, अम्माला मागे बसवलं, आणि तरीही माझ्या डोक्यात काही आलं नाही. रोजलीन अक्का आणि बाकीच्या नाक्यावर भेटल्या. भगदाडापर्यंत आम्ही गाणी म्हणत गेलो. भगदाडातून एकेक सायकल आडवी करून काढली. आणि गल्लीच्या तोंडाशी मी अशी थांबले की मागच्या सगळ्या एकमेकींवर आदळल्या.

गल्ली पांढरी झाली होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एका घराचा कोलम संपायच्या आत दुसऱ्या घराचा सुरू. शेणसडा अजून ओला. कमळं, मोर, रथ, आणि ठिपक्यांचे असे गुंते की बघताना डोळे फिरावेत. प्रत्येक दारात एक बाई वाकलेली, हातात पिठाची वाटी. मार्गळीचा पहिला दिवस. आख्ख्या तमिळ देशात त्या पहाटे बायका रस्त्यावर असतात हे पाळण्यातल्या पोरीलाही माहीत असतं, आणि मी सगळ्या उपनगरांतून नेमकी ती गल्ली शोधून काढली होती जी गेली अनेक वर्षं मोठ्या कोलमांसाठीच नाव कमावून आहे.

सगळ्यात पुढचा कोलम पंकजम पाट्टीचा. (ती कुणाचीही सख्खी आजी नाही, लग्नच केलेलं नाही, पण गल्ली तिला पाट्टी म्हणते. शाळेत चित्रकला शिकवायची.) तिने मान वर न करता म्हटलं, "थांब. चाक पुढे टाकलंस तर चाक इथेच राहील."

मी म्हटलं, "पाट्टी, आम्हाला कामावर जायचंय. सायरन होईल."

"मग मी काय इथे लोळायला आलेय? अंधारापासून कंबर मोडतेय."

"पण आजच एवढे मोठे का काढलेत?"

गल्लीतल्या सगळ्या बायका कंबर सरळ करून माझ्याकडे बघायला लागल्या. पाट्टीनेही मान वर केली. "पोरी, तू शिकलेली आहेस का?"

मी म्हटलं, हो, घरातली पहिली पदवीधर.

"वाटलंच," पाट्टी म्हणाली आणि पुन्हा खाली वाकली.

मागून कॅरिअरवरून अम्माचा आवाज आला, अगदी हळू, कुणाला लागू नये असा. "मी म्हटलं होतं, कॅलेंडर बघ."

आता मामा, कुणी म्हणेल पीठच तर आहे, घाला सायकली. पण आमच्यातल्या एकीचाही पाय पुढे होईना. रोजलीन अक्काने गंमत म्हणून विचारलं, "पाट्टी, मी ख्रिश्चन आहे, माझं चाक चालेल का?" पाट्टी म्हणाली, "तुझ्या घरावर नाताळचा तारा लावलायस ना? तो मी छत्रीने पाडू?" अक्का म्हणाली, "तारा नाही, दारात मीही कोलमच काढलाय," आणि तिने सायकल खांद्यावर घेतली. मग आम्ही सगळ्यांनी घेतल्या. गटाराच्या काठाने, एका हाताने भिंत धरून, एकीमागे एक. अम्मा माझ्यामागून दोघींचे डबे धरून चालत होती आणि जाता जाता प्रत्येक घरच्या बाईला "छान जमलाय हो" असं म्हणत होती, जणू आम्ही त्यासाठीच आलो होतो. एका मोराला तर तिने थांबून पिसारा बदलायला सुचवलं.

पुढची गल्ली तशीच. त्यात समोरून भजनी मंडळी आली, पेटी, झांजा, आणि मागे देवळातलं पातेलं घेऊन दोघे. मार्गळीतलं देवळातलं मूगडाळ-तांदळाचं गरम पोंगल, वर तूप, मिरे आणि काजू, द्रोणात घालून हातात दिलं की नाही म्हणता येत नाही. सायकल खांद्यावर घेऊनही म्हणता येत नाही. आम्ही सायकली भिंतीला टेकवल्या आणि खाल्लं. एका द्रोणाने कुणाचं भागत नाही. तुम्हाला ते पोंगल माहीत आहे. ते खाल्ल्यावर माणूस देवाच्या जवळ जातो आणि कामापासून लांब. रोजलीन अक्का ओट्यावर बसली आणि म्हणाली, "तेनू, मला इथेच सोड." लांबवर कुठल्या तरी दुसऱ्या कारखान्याचा भोंगा झाला. अम्माने हातातला द्रोण खाली ठेवला, आणि तिचा चेहरा बघून मला पहिल्यांदा भीती वाटली. मी माझ्या मार्गासाठी तिचं मशीन घालवत होते.

मधला तपशील सोडून देते. सांगायचं ते एवढंच की सायरन थांबायच्या आत आम्ही सगळ्याजणी फाटकाच्या आत होतो, अम्मा सगळ्यांत पुढे. तेव्हा मार्ग योग्यच होता असं मी मानते.

त्याच संध्याकाळी आम्हाला पाट्टीकडे परत जावं लागलं (कशासाठी ते पुढे येईलच). तिने आम्हाला ओट्यावर बसवून फिल्टर कॉफी दिली आणि मग तिचं दुखणं सांगितलं. सिग्नल चुकवायला गाड्या या गल्लीतून घुसतात. पहाटे काढलेला कोलम, सूर्य वर यायच्या आत त्यावर टायरांचे दोन पट्टे. तिने पाटी लावली, ती चोरीला गेली. दगड ठेवला, तो गाडीखाली आला. वॉर्डातल्या माणसाला सांगितलं, तर तो म्हणाला, एकट्या बाईच्या रांगोळीसाठी रस्ता कसा बंद करायचा? पाट्टी आम्हाला म्हणाली, "तुम्ही रोज येणार आहात का, की आजच्यापुरती हौस?"

मी म्हटलं, "रोज."

"रोज म्हणजे तिच्या पायात गोळे येईपर्यंत?" पाट्टीने रोजलीन अक्काकडे हनुवटी केली.

अक्का म्हणाली, "पाट्टी, गोळे आलेतच. तरी रोज."

पाट्टीने गल्लीच्या मधोमध बोट दाखवलं. मग म्हणाली, "मी मधून हातभर वाट सोडते. पण गाडी आली तर तुम्ही बाजूला व्हायचं नाही."

मामा, दुसऱ्या दिवशी पहाटे मी जे बघितलं ते मला आयुष्यभर पुरेल. गल्लीच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, शेणाने सारवलेली एक काळी स्वच्छ पट्टी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना पिठाची दुहेरी वेल, वेलीबाहेर पुन्हा मोर आणि रथ. गल्लीच्या तोंडाशी दोन बाजूंना दोन शेणाचे गोळे आणि त्यांत दोन भोपळ्याची फुलं, सिग्नलच्या दिव्यांसारखी. आम्ही एकीमागे एक त्या पट्टीवरून गेलो. पाट्टी प्रत्येकीच्या चाकाकडे बघत होती. परीक्षेला बसल्यासारखं वाटलं, पण कुणाचंही चाक वेलीला लागलं नाही.

आणि गाड्या थांबल्या. भिंतीजवळचा कोलम चुकून तुडवला असं म्हणता येतं. रस्त्याच्या मधोमध वाट सोडून दोन्ही बाजूंना काढलेला कोलम, समोरून रांगेने येणाऱ्या सायकली आणि दारादारांतून बघणाऱ्या बायका, एवढ्यांना तुडवणारा ड्रायव्हर चेन्नईत अजून जन्माला यायचा आहे. एक पांढरी गाडी घुसली होती. पुढचं चाक मोराच्या शेपटीवर येऊन थांबलं. पाट्टी गाडीसमोर पिठाची वाटी घेऊन नुसती उभी राहिली. गाडीवाला खाली उतरला, त्याने शेपटीकडे बघितलं, चपला काढल्या (का काढल्या ते त्यालाही कळलं नसावं) आणि मग गाडी उलटी घेत आख्खी गल्ली मागे गेला. पुढच्या गल्लीतल्या बायकांना हे कळल्यावर त्या गप्प कशा बसतील. त्यांनीही वाट सोडली आणि पाट्टीपेक्षा रुंद वेल काढली. त्यापुढच्या गल्लीने तर रंग भरले. आता भगदाडापासून रेल्वेच्या बोगद्यापर्यंत सलग रस्ता आहे. दुपारपर्यंत मुंग्या तो खाऊन टाकतात आणि पहाटे तो पुन्हा तयार होतो. माझ्या भूगोलाच्या कुठल्याही पुस्तकात असा रस्ता नाही. मी आता दुसऱ्या बाजूच्या उपनगरांतही असाच मार्ग शोधायचं ठरवलं आहे, आणि या खेपेला आधी कॅलेंडर बघणार आहे.

रोजलीन अक्का आणि त्या चौघी रोज वेळेवर पोचतात. तेव्हा काळजी नसावी. मामींना, शेजारच्या पूलान आजोबांना आणि दुकानातल्या मांजराला माझी आठवण सांगावी. दोन्ही गुडघ्यांना तेल लावत जावं.

तुमची भाची,
तेन्मोळी

ता. क. मधला तपशील सोडला होता तो असा. त्या मंगळवारी अप्पा नाक्यावर रिक्षा लावून वाट बघत होते आणि रिक्षा भरेना, कारण त्यांच्या रोजच्या प्रवासी माझ्याबरोबर सायकलवर होत्या. शेवटी ते आम्हालाच शोधायला निघाले. आम्ही हात धुवत असताना पुढच्या कोपऱ्यावर त्यांची रिक्षा येऊन थांबली आणि अप्पांनी मान बाहेर काढून, आयुष्यात कधी न पाहिलेल्या माणसांना विचारावं तसं विचारलं, "गिंडी, गिंडी?" आम्ही मागे जाऊन सायकली पाट्टीच्या अंगणात टाकल्या आणि रिक्षात बसलो. (संध्याकाळी परत गेलो ते सायकली आणायला.) अप्पा असे सुसाट गेले की मुरुगन आणि माझा दाखला दोघेही खाली पडले. फाटकाशी उतरताना अम्मा त्यांना म्हणाली, "आज कशी निघाली रिक्षा?" ते म्हणाले, "आज भरली होती ना." म्हणजे पहिल्या दिवशी आमच्यातली एकही सायकलने पोचली नाही. यामुळे मार्गाला काही बाध येतो असं मला वाटत नाही.

ता. क. आणखी एक, आणि खरं तर हेच. रोजलीन अक्का वेळेवर पोचते असं मी लिहिलं, अम्मा पोचते असं लिहिलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मी एका नकाशांच्या कचेरीत लागले आहे, ती उलट्या दिशेला आहे. तिला रोज मागे बसवून गिंडीला नेणं मला जमत नाही, आणि अक्काच्या मागे ती बसत नाही. ती पुन्हा अप्पांच्या रिक्षात खिडकीशी बसते, आणि या आठवड्यातही एकदा फाटकाबाहेरून परत आली.

मागच्या रविवारी मी तिला पाट्टीकडे घेऊन गेले होते. आम्ही दोघी आत कॉफी घेत असताना बाहेर घंटी वाजली. पाट्टीने मला खुणेने खिडकीशी बोलावलं. अम्मा माझ्या सायकलवर होती, साडीचा पदर कमरेला खोचून, त्या काळ्या पट्टीवरून गल्लीच्या टोकापर्यंत गेली, वळली आणि परत आली. सकाळचा कोलम अजून होता, एका ठिपक्यालाही चाक लागलं नाही. पाट्टी म्हणाली, "ही नवी नाही." आम्ही बाहेर आलो तेव्हा अम्मा सायकल भिंतीला लावून उभी होती. म्हणाली, "अण्णाला सांगू नकोस," म्हणजे तुम्हाला.

मग घरी येताना तिने सांगितलं. ती दहावीत असताना काडेपेटीच्या कारखान्यामागच्या रस्त्यावर तुमच्या सायकलवर शिकली होती, कुणीतरी तुम्हाला येऊन सांगितलं, आणि तुम्ही सायकलला साखळी घातली. तुम्हाला तेव्हा काय वाटलं असेल ते मी समजू शकते. (खरं सांगायचं तर नाही समजू शकत, पण तुम्ही मोठे आहात.) ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. ती म्हणाली, "अण्णाने नको म्हटलं होतं, त्यानंतर कधी हो म्हटलं नाही, एवढंच." माझी सायकल देऊ केली तर म्हणते, तुला लागेल. अप्पांनी आणायची म्हटली तर म्हणते, रिक्षाचा हप्ता आधी भरा.

पण पोंगलची माहेरची भेट ती परत करू शकत नाही. ती परत केली तर भावाचा अपमान होतो, आणि तुमचा अपमान अम्मा स्वप्नातही करणार नाही. तेव्हा मामा, या वर्षी पितळी भांडं नको. तांदूळ, गूळ, ऊस, हळदीचं रोप हे सगळं नेहमीप्रमाणे पाठवा, आणि त्याबरोबर एक बायकांची सायकल पाठवा. तुमच्या हातून आली पाहिजे, म्हणजे त्यातच तुमचं "हो" आलं, वेगळं काही लिहावं लागणार नाही. कोविलपट्टीहून पार्सलने येते, मी चौकशी केली आहे. पोंगलच्या आत आली पाहिजे, कारण मशीनं त्यानंतर बदलणार आहेत.

ता. क. हे लिहीत असताना अम्मा माझ्या मागे उभी राहून वाचत होती हे मला आत्ता कळलं. ती म्हणते की वरचं सगळं पोरीचं वेडेपण आहे, अण्णाने मनावर घेऊ नये, गुडघ्याची काळजी घ्यावी, आणि तो डावाच आहे.

तिने आत जाऊन गॅस बंद केला आणि परत आली. म्हणते, पाठवणारच असाल तर पुढे टोपली असलेली बघा. डबा राहतो.